अंगणातला रूळ

२४ एप्रिल

साहेब आज गेटवर एक पाहुणा सोडून गेले. हातभर रुळाचा तुकडा! चार माणसांनी गाडीतून उतरवला, अंगणात ठेवला अन् त्याच्या पोटाले तापमापी लावली. म्हणे, ऊन दरवर्षी वाढूनच राह्यलं, म्हणून यंदापासून दर गेटवर हा असा तुकडा. लाईनवरच्या रुळाले जेवढं ऊन लागते तेवढंच याले लागन. मी या रेल्वे फाटकाचा गेटमन, म्हणून मीच दर तासाले आकडा पाहायचा. साठच्या वर गेला की लाईन दुरुस्त करणाऱ्या गँगले फोन करायचा. मग पेट्रोलवाले, म्हणजे गस्तवाले, लाईन पाहायले पायी निघतीन. त्याच्याही वर गेला की गाड्या हळू.

मी विचारलं, एवढं कायले? साहेब समजावून सांगणारा माणूस आहे. आता रूळ लांबच्या लांब जोडले, मधात फटी नाहीत. तापले की लांब व्हाले पाहतात अन् जागा तर नाही. मग एखाद्या ठिकाणी बाजूले सरकतात. तिथं गाडी आली तर काय होईन, ते त्यांनी सांगतलं नाही, मीही विचारलं नाही.

सगळं पटलं. पण साठच्या वर गेलेल्या रुळाशेजारून चालणाऱ्या माणसाचं काय, हे कोनी बोललं नाही. आमच्या गँगचे अर्धे लोक नव्या लाईनच्या कामाले नेले. उरले गँगचे मेट, म्हणजे मुकादम, डोमाजी – त्यांचे गुडघे गेलेले. उरला देवराव. अन् उरली माही बायको, वर्षा.

२६ एप्रिल

एकसष्ट. पहिला फोन केला.

नवऱ्यानं फोन करायचा अन् बायकोनं उन्हात निघायचं, अशी ड्युटी कोनाले लागली नसन. घंटी वाजली तशी वर्षानंच उचलला. ‘बोला गेट,’ म्हणाली, जशी काही ओळखच नाही. मी आकडा सांगतला. ‘निघतो,’ म्हणाली.

ती अन् देवराव सोबत निघतात. देवरावजवळ पाण्याचा डबा अन् छत्री, तिच्याजवळ झेंड्या अन् पाना. गँगच्या खोलीपासून गेटच्या पुढल्या वळणापर्यंत, अन् मग वापस. संध्याकाळपर्यंत तेच. घरी आली तं तोंड लाल झालेलं अन् बुटाचा तळ लोंबत होता. रुळाखालची गिट्टी तापली की बुटाचा चिकटवलेला तळ सुटते. ‘साहेबाले म्हणा, एक तापमापी बुटाले बी लावा,’ म्हणाली अन् हसली. मले हसू आलं नाही. माही याडी बाजूले बसून होती, तिनं कांदा फोडून वर्षाच्या तळपायाले घासला.

घरी आम्ही गोरबोली बोलतो, म्हणून आईले याडी म्हणतो. लिहायले बसलो की मराठीच येते. शाळेची सवय.

२८ एप्रिल

आज पहाटे पूर्ण गँग वळणावर चुना-रंग घेऊन बसली. रुळाच्या बाजूले पांढरा रंग दिला की रूळ कमी तापते म्हणे. साहेबाचा नवा प्रयोग. पोळ्याच्या बैलासारखे रूळ रंगवले! उरलेला रंग आणून डोमाजीनं अंगणातला तुकडाही रंगवला. लाईनवर जसा रूळ तसाच इथं पाह्यजे, असा साहेबाचा हुकूम.

डोमाजी म्हणे, ‘लखन, चाळीस वर्षांत रुळाची एवढी चाकरी नाही केली. आता पंखा लावाचा राह्यला फक्त.’

३ मे

झाला प्रयोग. राजूरकडून दिवसभर कोळशाच्या गाड्या येतात, वरून भुकटी उडते. पाच-सहा दिवसांत वळणावरचे पांढरे रूळ काळेच झाले. मी चालत जाऊन बोट फिरवून पाह्यलं. बोट काळं, रूळ काळा. अंगणातला तुकडा तेवढा पांढरा आहे, कारण त्याले मी रोज फडक्यानं पुसतो. पुसाले कोनी सांगतलं नव्हतं. समोर घाण दिसली की मले चैन पडत नाही.

साहेबाले फोनवर सांगतलं. म्हणे, पुन्हा रंगवू.

४ मे

वर्षा आज वळणावर बसली अन् उठलीच नाही. देवरावनं डब्यातलं सगळं पाणी तिच्या डोक्यावर ओतलं अन् एका मोटरसायकलवाल्याले थांबवून तिले गेटवर आणलं. ओठ पांढरेफट. डोमाजी म्हणाले, डॉक्टरले दाखव. ही म्हणे, ‘उपाशी होती, चक्कर आली, एवढं काय त्याच्यात.’

घरी आल्यावर याडी बाहेर गेली तवा मले सांगतलं. तिसरा महिना चालू आहे.

मी खाटेवरून उठलो, पुन्हा बसलो. आठ वर्षं झाली लग्नाले. आधी दोनदा राह्यलं अन् दोनदा गेलं. पहिल्या वेळी तर मी पूर्ण तांड्यावर पेढे वाटले होते, पंधरा दिवसांत गेलं. तवापासून तिच्या मनात एकच गोष्ट बसली – तीन महिने पुरे झाल्याबिगर कोनाले सांगाचं नाही. याडीलेही नाही. साहेबाले तं नाहीच.

मी भांडलो. म्हटलं, उद्याच कागद दे, साहेब हलकं काम देते, चांगला माणूस आहे. म्हणे, ‘कागद दिला की डोमाजीले समजते, डोमाजीले समजलं की देवरावच्या बायकोले, अन् मग संध्याकाळी तांड्यावर. नजर लागते. वीस तारखेले तीन पुरे होतात. एकवीसले मीच जाऊन कागद देतो.’

‘तोवर उन्हात चालशीन?’

‘दोन हप्त्याचा तं सवाल हाये.’

माहा हात ओढून आपल्या डोक्यावर ठेवला अन् शपथ घ्याले लावली. घेतली शपथ. अशा वेळी माणूस काय करते?

५ मे

बासष्ट. फोन केला. ‘निघतो,’ म्हणाली.

६ मे

आज जे झालं ते माह्यानं झालं नाही, हे आधी लिहून ठेवतो.

याडी दुपारी गेटवर येऊन निंबाखाली बसते. घरात पत्रा तापते म्हणून. बसायच्या आधी अंगणात पाणी मारायची तिची जुनी सवय. आज तिनं बादली घेतली अन् पूर्ण अंगणात फेकली. रुळाच्या तुकड्यावरही. एक बादली, मग दुसरी. मी गाडीसाठी गेट बंद करून उभा होतो, समोर ट्रकवाला हॉर्न मारून राह्यला होता, त्याले चार शब्द ऐकवून मागं वळलो तं तुकड्यावरून पाणी गळत होतं.

आकडा पाह्यला. पंचावन्न.

बाहेर अशी लू की डोळे उघडत नव्हते. अन् पंचावन्न. मी तेवढाच आकडा कळवला. खोटं नाही बोललो, जे दिसलं तेच सांगतलं. गँगले फोन गेला नाही.

पाच वाजता मी वर्षाले फोन केला. ‘आराम झाला काय?’ म्हणाली, ‘हो, झाला. खोलीत पडून होती.’ एवढं बरं वाटलं की गाडी गेल्यावर गेट उघडाचंच विसरलो. ट्रकवाल्यांनी माही आई-बहीण काढली. काढू देल्ली.

७ मे

आज मीनंच पाणी मारलं.

याडी आलीच नव्हती. मी बारा वाजताच तुकड्यावर ओला बारदाना टाकला, आकडा पाहायच्या आधी काढला. सत्तावन्न. पुढच्या तासाले पुन्हा तेच. अठ्ठावन्न. देवरावले वाटून राह्यलं असन, देव पावला. फोन आला नाही की तो सरळ मोटरसायकल काढून घरी झोपाले जाते. जाऊ दे. वर्षा खोलीत पडून राहते. पंखा आहे तिथं.

फक्त वीस तारखेपर्यंत. मग आकडा जो असन तो सांगीन.

८ मे

डबा घरी विसरलो होतो. वर्षा सकाळचं काम आटपून डबा घेऊन गेटवर आली. बारदाना तुकड्यावरच होता. तिनं पाह्यलं.

‘अंगण थंड केलं वाटते,’ म्हणाली.

‘धूळ लय उडते,’ मी म्हटलं.

तिनं माह्या माठातून दोन बाटल्या भरून घेतल्या अन् गेली. मले वाटलं, समजली तरी काय हरकत आहे? तिच्यासाठीच तं करून राह्यलो.

पाच वाजता फोन केला. आराम झाला काय? झाला.

९ मे

साहेबाचा फोन! खूश होते. म्हणे, ‘लखन, बाकीच्या गेटवर त्रेसष्ट-चौसष्ट जातंय, तुमच्याकडे चार दिवसांपासून साठ ओलांडत नाही. पांढऱ्या रंगाचा फरक पडला म्हणायचा.’ कोळशाचं मी सांगतलं होतं, ते विसरले वाटते. मी म्हटलं, ‘हो साहेब, पडला असन.’ म्हणे, वरती कळवतो, बाकीच्या वळणांवरही रंग देऊ.

फोन ठेवल्यावर माठाजवळ जाऊन बसलो. बादलीभर पाण्यापायी आता दूरदूरचे रूळ रंगवतीन. पह्यले तं हसू आलं.

११ मे

दुपारची पॅसेंजर जाते तवा मी हिरवी झेंडी धरतो. पह्यले झेंडी धरून ट्रकवाल्याले डोळे दाखवत होतो. आता एक एक डबा मोजल्यासारखा पाहतो. खिडकीत बाया, लेकरं, ओले रुमाल डोक्यावर. एका पोरीनं आज हात हलवला. गाडी वळणाकडे गेली की मी कान देतो. आवाज नेहमीसारखाच निघून जाते, तवा श्वास सोडतो.

हे वळण कधी सरकलं नाही. बापाच्या काळातही नाही. डोमाजीच सांगतात.

मले हप्त्याची सुट्टी घ्यायची होती. घेतली नाही. माह्या जागी बदलीचा गेटमन संघदीप येणार, अन् तो कोरड्या तुकड्याचा आकडा सांगणार. त्याले म्हटलं, तूच घरी राह्य, मी करतो. पोरगा खूश झाला. त्याच्या बहिणीचं लग्न आहे.

१३ मे

वर्षा लय थकून राह्यली. संध्याकाळी येते, दोन घास खाते अन् झोपते. मी याडीले म्हटलं, कामाचा ताण असन. याडी म्हणे, ‘पडून राहणारं माणूस जास्त थकते.’ तसंच असन. अन् पोटुशी बाई तशीही थकते. याडीले ते माहीत नाही.

मागच्याच हप्त्यात तिच्यासाठी वणीतून नवे बूट आणले होते. त्याचाही तळ सुटला! दुकानदारानं वर्षभराची गॅरंटी देल्ली होती. सुट्टी भेटली की जाऊन त्याच्या तोंडावर फेकतो. चोर साले.

१५ मे

डोमाजी आज काठी टेकत गेटवर आले. पाणी पिले अन् तुकड्याकडे पाहत राह्यले. तुकडा वाळला होता, मीनं आकडा आधीच पाह्यला होता.

‘लखन, तुहा आकडा मले पटत नाही. सावलीत बसून मी भाजून राह्यलो, अन् तुह्याकडं अठ्ठावन्न?’

‘रंगाचा फरक आहे. साहेबच म्हणतात.’

‘वळणावर कुठी राह्यला रंग? सारा कोळसा बसला.’

ते मले लहानपणापासून ओळखतात. बाबा गँगमधे होते तवा डोमाजीच्या खांद्यावर बसून मी लाईन पाह्यली. त्यांनी विषय वाढवला नाही. जाताना म्हणाले, ‘उद्या देवरावले पाठवतो वळणावर. आकडा काही असो.’

बरं वाटलं, खरं सांगतो. देवराव गेला तं लाईनही पाह्यली जाईन अन् वर्षाही सावलीत राहीन. हे मले आधीच काहून सुचलं नाही? डोमाजीले सांगून टाकलं असतं तं त्यांनी काही तरी केलं असतं. पण शपथ होती ना.

१७ मे

वणीच्या दवाखान्यात, बाहेरच्या बाकावर बसून लिहून राह्यलो. झोप नाही, काही तरी हाताले पाह्यजे.

काल देवराव आलाच नाही. त्याच्या पोराले उलट्या चालू होत्या, त्याले दवाखान्यात घेऊन गेला. डोमाजीनं मले फोन करून सांगतलं अन् विचारलं, ‘आकडा किती?’ बारदाना मी नुकताच काढला होता. म्हटलं, ‘एकोणसाठ.’ ते म्हणाले, ‘मग राहू दे.’

अडीच-तीनच्या मधात कोळशाची गाडी गेली. मी गेट उघडलं. तिच्यामागं पॅसेंजर होती. थोड्या वेळानं वळणाकडून इंजिनाचा लांबच लांब हॉर्न. मग ब्रेकचा आवाज. मग काहीच नाही.

मी गेट सोडून पळू शकत नाही. गेटमन गेट सोडत नसते. फोन आला, पॅसेंजर मागच्या स्टेशनवरच थांबवली. कोन कुठं, काय झालं, कोनी सांगेना. डोमाजीचा फोन आला तवा ते रडत होते. मी त्यांना कधी रडताना पाह्यलं नव्हतं.

वळणावर रूळ एका बाजूले वीतभर सरकला होता. अन् कोळशाच्या गाडीसमोर वर्षा होती. हातात झेंडी नाही, काही नाही. दोन्ही हात वर करून गिट्टीवरून गाडीकडे पळत होती. ड्रायव्हरनं ब्रेक मारला. इंजिन वाकड्या रुळाच्या अलीकडे थांबलं, दोन डबे लागतीन एवढी जागा राह्यली. ड्रायव्हर खाली उतरला तं ती रुळाशेजारी पडलेली. आंग तव्यासारखं तापलेलं. त्यानंच आपल्या पाण्याचा कॅन तिच्यावर रिकामा केला.

डॉक्टरनं रात्री बर्फ लावला, सलाईन लावलं. पहाटे मले बाजूले घेतलं. बाई मोठ्या डॉक्टर आहेत, सरळ बोलल्या. वर्षा वाचन. बाळ राह्यलं नाही.

याडी दवाखान्याच्या दारात बसून होती. तिले तवाच समजलं की होतं, अन् तवाच समजलं की गेलं. तिनं माह्याकडं फक्त पाह्यलं.

१८ मे

साहेब आले. फुलं घेऊन आले. पेपरवाला पोरगाही होता, त्यानं वर्षाचा झोपलेल्या अवस्थेत फोटो काढला. मी त्याले बाहेर काढला.

साहेब म्हणाले, पॅसेंजर मागंच होती, किती लोक वाचले याचा हिशोब नाही. वर्षाचं नाव बक्षिसासाठी वर पाठवतो. मग विचारलं, ‘पण पेट्रोलचा फोन नव्हता, मग त्या तिथं कशा?’

मी भिंतीकडे पाहत होतो. डोमाजी म्हणाले, ‘बाईले शंका आली असन साहेब. जुन्या लाईनवाल्याची सून आहे.’

साहेबानं मान हलवली. म्हणे, वळणावरच्या रंगावर कोळसा बसला, गेटजवळ रंग शाबूत म्हणून आकडा कमी, तिथंच गडबड झाली. आता तुकडा वळणावरच बसवू, अन् आकडा आपोआप मोबाईलवर येईन असं यंत्र लावू. मले म्हणाले, ‘तुमची काही चूक नाही, लखन.’

मीनं सांगाले तोंड उघडलं होतं. तेवढ्यात वर्षानं चादरीतून हात काढून माहा शर्ट धरला. डोळे बंदच. साहेब गेल्यावर सोडला.

दिवसभर एकच विचार येते. बरोबर त्याच दिवशी, त्याच वेळी, तिले वळणावर जायची बुद्धी कशी झाली? मी तं रोज फोन करून विचारत होतो.

२० मे

आज तीन महिने पुरे झाले असते.

वर्षा आज बोलली. छताकडे पाहत बोलली. ‘डबा घेऊन आली तवा ओला बारदाना दिसला. आकडा खोटा हाये हे समजलं. मग कोनीतरी तं लाईन पाह्यलेच पाह्यजे होती. कोनाले सांगतलं असतं तं तुमची नोकरी गेली असती. म्हणून त्या दिवसापासून रोज गेली. एकटीच.’

रोज. देवराव नाही, छत्री नाही, पाण्याचा डबा नाही. अन् रोज पाच वाजता मी फोन करून विचारत होतो, आराम झाला काय? झाला, म्हणत होती.